एक दगड, एक काळ

कॉम्प्युटरने मला दिलेले पहिले धड उत्तर असे होते : क्रिटेशियस आणि टर्शरी एकच आहेत.

मी ते दोनदा वाचले. क्रिटेशियस म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातला तो काळ, ज्याच्या शेवटी डायनोसॉर संपले. टर्शरी त्याच्या नंतरचा. दोघांमधली सीमा इतकी ठळक, की भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यावी. मी दोन पदव्या घेऊन, पाच महिने खपून एक तक्ता उभा केला होता आणि त्याने ती सीमाच पुसून टाकली होती. बरे, काही चुकले आहे असेही तो म्हणत नव्हता. एकच आहेत, एवढे म्हणून कर्सर लुकलुकत होता, माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत.

ही गोष्ट अंबाजोगाईची, नव्वदचे दशक निम्मे सरून गेले होते तेव्हाची. बसस्टँडसमोर एसटीडीचे बूथ झाले होते आणि ‘कॉम्प्युटर शिका’ असे फलक एकमेकांना झाकत होते. आमच्या विभागात मात्र एकच कॉम्प्युटर होता. त्याला सरांच्या घरून शिवून आलेले फुलाफुलांचे झाकण होते आणि त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. मी त्यांच्याच हाताखाली बी.एस्सी. झाले होते, आणि एम.एस्सी. करून परत आल्यावर त्यांनीच मला सहा महिन्यांच्या कामावर घेतले होते. आमच्या घराण्यात मेंढरे राखण्याखेरीज काम माहीत नव्हते. मला टेबल-खुर्ची आणि एक चावी मिळाली तेव्हा मी ती चावी दिवसभर मुठीत धरून होते.

काम असे होते. नकाशे करणारी खाती अनेक. एक खाते एका काळाला एक नाव देते, दुसरे त्याच काळाला वेगळे नाव देते, तिसरे त्याच्या पोटातल्या एका तुकड्याचे नाव लिहून मोकळे होते. जाणत्या माणसाला हे कळते, यंत्राला कळत नाही. म्हणून काळांची नावे आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती यंत्राला समजतील अशी मांडायची. याला ऑन्टॉलॉजी म्हणतात, असे सरांनी पहिल्या दिवशी सांगितले. मी शब्द वहीत उतरवला आणि अर्थ विचारायचे धाडस केले नाही. ते त्यांनी ओळखले असावे. म्हणाले, “हे बघ, नुसती नावं लिहिली की मतदारयादी होते. कोण कुणाचा कोण, ते त्यात नसतं. आपल्याला सोयरीक लिहायची आहे.”

मला हे काम इतके आवडेल असे वाटले नव्हते. प्रत्येक नात्याला स्वतःचा स्वभाव असतो, हे मला तोपर्यंत कधी दिसलेच नव्हते. ‘आधी’ हे नाते पुढे वाहते : पहिला दुसऱ्याच्या आधी, दुसरा तिसऱ्याच्या आधी, तर पहिला तिसऱ्याच्या आधी असणारच. एवढा नियम एकदा सांगितला की बाकीची शेकडो वाक्ये यंत्र आपण होऊन काढते. ‘लागून’ हे नाते मात्र वाहत नाही. शेजाऱ्याचा शेजारी आपला शेजारी असतोच असे नाही. ‘आधी’ उलटे फिरवले की ‘नंतर’ होते, पण ‘लागून’ उलटे फिरवले तरी ‘लागून’च. गावी जायला धारूरच्या गाडीत बसले की मी हाच खेळ खेळायची. नणंद उलटी केली की भावजय. जाऊ उलटी केली तरी जाऊच, आणि साडूचेही तसेच. समोरच्या बाकावरच्या बायका माहेर-सासरच्या गोष्टी बोलत असायच्या आणि मी मनात बाण काढत असायची.

सहा महिन्यांच्या शेवटी हैदराबादहून एक शास्त्रज्ञ काम बघायला येणार होते. त्यांना पसंत पडले तर मुदत वाढणार होती आणि याच विषयावर पीएच.डी.ला नाव नोंदवता येणार होते. नाही पडले तर काम तिथेच संपणार होते. आणि माझ्या पिशवीत दुसरा एक कागद होता. बीडला सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून माझी नेमणूक झाली होती. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत रुजू व्हायचे, नाहीतर नाव कमी होणार. तो कागद आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावातल्या मास्तरांकडून तीनदा वाचून घेतला होता. त्यातला ‘कायम’ हा शब्द त्यांना नुसता बघूनही ओळखू यायला लागला होता.

अशा वेळी कॉम्प्युटर म्हणत होता, की दोन्ही काळ एकच आहेत.

चूक शोधायला मला दोन दिवस लागले, आणि सापडली तेव्हा ती माझ्या घरातूनच आली होती. आमच्याकडे प्रत्येक घराच्या मेंढरांच्या कानाला वेगळी चीर असते. पाण्यावर चार कळप एकत्र झाले तरी कान बघितला की घर कळते. एका मेंढीला एकच घर. यात शंका घ्यायला जागाच नसते. दोन घरांनी एका मेंढीवर हक्क सांगितला तर जुनी माणसे म्हणतात, म्हणजे तुम्ही अजून वेगळे निघालाच नाहीत, तुमचे घर एकच आहे. मी तक्त्यात तसाच नियम लिहून ठेवला होता : एका दगडाला एकच काळ. एकाच दगडापुढे दोन काळांची नावे आली, तर ती एकाच काळाची दोन नावे समजायची.

नियम वाईट नव्हता. त्याच्यामुळे वेगवेगळ्या खात्यांची किती तरी वेगळी नावे आपोआप जुळली होती आणि सरांनी पाठ थोपटली होती. मग मी आमच्या गावामागच्या डोंगराचा काळा दगड तक्त्यात घातला. हा लाव्हाचा दगड, थरावर थर बसलेला. एका नकाशावर तो क्रिटेशियसचा होता, दुसऱ्यावर टर्शरीचा. दोन्ही नकाशे खोटे नव्हते, कारण लाव्हा सीमेच्या आधीही वाहिला आणि नंतरही वाहत राहिला. यंत्राने माझा नियम लावला आणि दोन काळ एक करून टाकले.

नियम काढून टाकला, तर जुळलेली नावे परत सुटी व्हायची. ठेवला, तर डायनोसॉर आणि त्यांच्या नंतरचे जग एकाच दावणीला बांधले जायचे. शास्त्रज्ञ यायला दहा दिवस राहिले होते. मी रविवारी घरी गेले ते डोके जड करूनच.

आमचे गाव धारूरच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. मी पोचले तेव्हा दारात गर्दी होती. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस पावसाळ्याआधीची लस टोचायला आला होता. तो पट्ट्या बांधण्याच्या कामावरचा होता, पण त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. बाजेवर बसून तो यादी भरत होता. एक तांबडी शेळी पुढे आली.

“ही कोनाची?”

“माझी,” माय म्हणाली.

“माझी,” शेजारची आक्काही त्याच दमात म्हणाली.

“एकीनं बोला, बाई.”

“शेळी माझी हाय. हिला अर्धलीनं दिलीय,” माय म्हणाली.

अर्धली म्हणजे एकीने शेळी द्यायची, दुसरीने सांभाळायची आणि होणारी पिले दोघींनी निम्मी-निम्मी घ्यायची. शेळी मात्र देणारीचीच राहते.

आक्का कमरेला पदर खोचून पुढे झाली. “दोन वर्सं पाला मी तोडती. काट्यात मी जाती. आन् कागदावर नाव लावायच्या टायमाला ही मालकीन! लई शानी हाय!”

“मंग काय तुजं नाव लावायचं? कान बग तिचा. चीर कोनाची हाय?”

“कानाला काय बगायचं, पोट बगा तिचं. कोन घालतंय त्या पोटात?”

डॉक्टर वैतागला. मालकाचे नाव लिहायला एकच रकाना होता. त्याने त्यात दोघींची नावे एकाखाली एक कोंबली, मग पुढच्या रकान्यात घरे मोजायची म्हणून पेन थांबवले. “म्हंजे तुमी दोगी एकाच घरातल्या का? कुटुंब एकच धरू?”

“एकाच घरातल्या?” आक्का ओरडली. “हिच्या चुलीवरचं कालवन खाऊन बगा एकदा, मग इचारा!”

“तुज्या हातचं खाऊनच माजं शेरडू वाळलंय,” माय म्हणाली.

सगळे हसले. आबासुद्धा हसले. मी मात्र पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी होते. डॉक्टरने केले तेच माझ्या कॉम्प्युटरने केले होते. एक जनावर, दोन नावे, म्हणजे घर एक. माणसाच्या तोंडून ऐकल्यावर त्यातला वेडेपणा सगळ्या गल्लीला कळला होता.

“आवं, भांडान कशाला?” माय म्हणाली. “मालक म्हून माजं नाव लिवा. संभाळनारी म्हून हिचं लिवा. मिटलं.”

“असा रकाना न्हाई, मावशी.”

“मंग पाडा की. पेन हाय न्हवं हातात?”

“सरकारी कागूद हाय त्यो,” आबा म्हणाले. “त्याच्यावर रेगा वडतीस व्हय?”

“सरकारला काय ठावं अर्धली?”

डॉक्टरने जरा विचार केला. मग लसीच्या खोक्याची कड कागदावर धरली आणि उभी रेघ ओढली.

मी विचारले, “माय, आन् एकच पिलू झालं तर?”

“त्ये औंदा हिचं, फुडच्या साली माजं. तुला कावून पायजे?”

मला का पाहिजे होते ते सांगता आले नसते. पण त्या दुपारी वहीत मी लिहिले ते असे. ‘दगडाचा काळ’ या एकाच दोरीने मी दोन वेगळी नाती बांधली होती. दगड सुरू कधी झाला, हे एक नाते. संपला कधी, हे दुसरे. सुरुवात एकाच काळात असते आणि शेवटही एकाच काळात असतो. म्हणजे माझा ‘एकच’ हा नियम खरा होता, फक्त तो चुकीच्या रकान्यावर बसला होता. दोन नकाशे एकाच दगडाची सुरुवात दोन नावांनी सांगत असतील, तर ती नावे खुशाल एक समजावीत. पण सुरुवातीचे नाव आणि शेवटाचे नाव वेगळे असले, तर भांडण काहीच नाही. दगड लांब आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जेवताना आबांनी विषय काढला. “शुक्रवार बारा दिसांवर आलाय. बीडला खोली बगून ठिवू का?”

“आधी ते हैदराबादचे साहेब येऊ द्या, आबा.”

“त्ये येतील आन् जातील. कचेरी कुटं जात न्हाई,” ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.

सोमवारी मी दोन रकाने पाडले. क्रिटेशियस आणि टर्शरी वेगळे झाले, बाकीची नावे जुळलेलीच राहिली. मी एकटीच हसले. मग गंमत म्हणून यंत्राला विचारले, क्रिटेशियसमधले दगड दाखव. त्याने यादी दिली, तिच्यात आपला डोंगर नव्हता. टर्शरीचे विचारले. त्या यादीतही नव्हता. सबंध बीड जिल्हा याच दगडाचा, तोच नाहीसा! डोंगर पूर्णपणे कोणत्याच काळाच्या आत बसत नव्हता आणि मी यंत्राला फक्त ‘आत’ शिकवले होते, ‘थोडा इकडे, थोडा तिकडे’ शिकवले नव्हते. तेही नाते घातले. सर मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, “आणखी एक. दगड काळात नसतोच. दगड आत्ता तुझ्या टेबलावर आहे. काळात आहे ते त्याचं तयार होणं.” मी टेबलावरचा तुकडा उचलून बघितला. मग पुन्हा दोन दिवस तक्ता मोडून, दगड एकीकडे आणि त्याचे तयार होणे दुसरीकडे, असा लावला. असे काही तरी रोज निघे. मला घरी जाऊच नये असे वाटायचे.

शास्त्रज्ञ आले ते बुधवारी, माझ्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी. शांत, उंच गृहस्थ. चपला काढून आत आले आणि झाकणावरच्या फुलांचे कौतुक केले. तासभर त्यांनी प्रश्न विचारले, मी यंत्राला विचारत गेले आणि यंत्र बरोबर सांगत गेले. सरांचा चेहरा सैल झाला. मग शास्त्रज्ञ सहज म्हणाले, “तुमच्या धारूरच्या घाटात थरांची चवड आहे ना? त्यात ही सीमा कुठल्या थरापाशी येते, विचारा बघू.”

मी प्रश्न टाइप केला. उत्तर आले : सीमा नाही.

सरांनी माझ्याकडे बघितले. ते सहज म्हणू शकले असते, की घाटाची माहिती अजून भरायची आहे. मीही तसे म्हणू शकले असते, आणि ते खोटे ठरले नसते. पण मला दिसत होते, की भरायची राहिली नव्हती. भरायला कोणाकडे नव्हतीच.

“हे उत्तर चुकीचं आहे, सर,” मी शास्त्रज्ञांना म्हणाले. “सीमा तिथं असेलही, नसेलही. आम्हाला माहीत नाही. मी तो रकाना रिकामा ठेवलाय, आणि माझा तक्ता रिकाम्याला ‘नाही’ म्हणतो. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यातला फरक मी त्याला शिकवलेला नाही.”

“किती दिवस लागतील शिकवायला?”

“ते पण माहीत नाही.”

शास्त्रज्ञ मोठ्याने हसले. जाताना सरांना म्हणाले, की मी एक वर्षाची शिफारस करतो. कागद यायला मात्र दोन-तीन महिने लागतील, आणि वरून मंजूर होईलच असे मी आज सांगू शकत नाही.

संध्याकाळच्या गाडीने मी गावी गेले. आबा मेंढरे कोंडून अंगणात बसले होते. मी सगळे सांगितले.

“कागदावर हाय का तोंडी?”

“तोंडी.”

“आन् ह्ये कायम.”

“हो.”

“पोरी, तोंडी सौदा बाजारातबी कोन धरत न्हाई,” ते म्हणाले. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी काय काय केले ते मला माहीत होते, आणि म्हणूनच तोंड उघडत नव्हते. मायने मध्ये काही म्हणायचा प्रयत्न केला, त्यांनी हाताने थांबवले. मग त्यांनीच विचारले, “त्या मानसानं तुला अडवलं कशावर?”

“आपल्या घाटावर. तिथं दोन थरांच्या मधे विटेसारखा तांबडा पट्टा आहे ना? एका लाव्हावर माती धरली, आणि तिच्यावर दुसरा लाव्हा आला, असा. त्या थरांमध्ये एक जुनी सीमा कुठं आहे का, ते कुणालाच माहीत नाही.”

“तांबडा पट्टा?” आबा म्हणाले. “कंचा?”

“कंचा म्हणजे? एकच तर आहे, रस्त्याच्या वळणावर.”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी पदवीधर आहे याची त्यांना पहिल्यांदाच शंका आली असावी. “रस्त्यानं जानाऱ्याला एकच दिसनार. वर चार हायत. मेंढरं घालवताना पानी कुटं पाझरतंय ते बगावं लागतंय, त्या पट्ट्यांवर पाझरतंय. पुस्तकात न्हाई का लिवलं?”

“नाही.”

“आन् तुला हैदराबादचा मानूस इचारतोय.” त्यांनी मान हलवली.

गुरुवारी त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. मी नेमणुकीचा कागद पिशवीत घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. शुक्रवारी उजाडताना बीडची पहिली गाडी फाट्यावर हॉर्न देत थांबली. मी आंघोळ करून, साडी नेसून दारात उभी होते. आबा मेंढवाड्याचा फास काढून मेंढरे बाहेर घेत होते. गाडीचा आवाज त्यांनीही ऐकला. त्यांनी वळून बघितले, माझ्या साडीकडे आणि पिशवीकडे.

“ह्या कपड्यांवर घाट चढनार हायस व्हय?” ते म्हणाले. “वही घे. आन् चपला बदल.”

गाडी गेली. मी चपला बदलल्या.

ऊन चढेपर्यंत आम्ही वळणावरचा पट्टा मागे टाकून वर गेलो होतो. आबा पुढे, मेंढरे मधे, मी मागे. प्रत्येक ठिकाणी ते काठी टेकवून उभे राहत. मी उंची अंदाजाने लिहून घेई, पट्ट्याची जाडी वितीने मोजे, आणि ‘माहीत नाही’च्या रकान्यात काय लिहायचे याचा विचार करी. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्यापाशी पाझर होता, तिथे मेंढरे थांबली. मी खाली बसून माती चिमटीत घेत होते. आबा वरच्या कपारीत चढून गेले आणि बराच वेळ दिसेनात. मग त्यांचा आवाज आला.

“वर ये. आजूक एक हाय हितं. ह्यो मला ठाऊक नव्हता.”